ख्रिस्ती पत्नीचा घटस्फोटाचा अर्ज: कोणता कागद आधी, कोणते कलम कशासाठी

वसई, अहिल्यानगर, पुणे, मुंबई अशा ठिकाणच्या ख्रिस्ती बायकांचे घटस्फोटाचे अर्ज वाचताना दोन चुका सारख्या दिसतात. पहिली म्हणजे अर्ज अजून २००१ च्या दुरुस्तीआधीच्या ख्रिस्ती घटस्फोट कायद्याच्या धाकात लिहिलेला असतो. दुसरी, हिंदू विवाह कायद्याचा छापील मसुदा घेऊन त्यात फक्त पक्षकारांची नावे आणि चर्च बदललेले असते. घटस्फोटाची मुख्य कारणे आता नवऱ्याला आणि बायकोला सारखीच लागू आहेत, पण असा अर्ज गेला की त्या समानतेचा बाईला काहीच उपयोग होत नाही. कधी अर्ज चुकीच्या कोर्टात जातो, कधी पोटगी मागायची राहून जाते, तर कधी चर्चचा निकाल हातात असूनही कायद्याने ती विवाहितच असते.

म्हणून हा लेख क्रमाने वाचा आणि त्याच क्रमाने कागद तयार करा. तुमच्या प्रकरणाचे बारकावे वकिलाला दाखवावेच लागतील, पण वकिलाकडे जाताना काय विचारायचे ते माहीत असलेले बरे.

टप्पा १ : तुमच्या लग्नाला कोणता कायदा लागतो ते आधी ठरवा

लग्न कुठे आणि कोणासमोर झाले, यावर पुढचे सगळे अवलंबून असते.

चर्चमध्ये, फादर किंवा पाळकांसमोर, १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे लग्न झाले असेल, तर घटस्फोट १८६९ च्या घटस्फोट कायद्याखाली मिळतो. या कायद्याच्या नावातला 'भारतीय' हा शब्द २००१ च्या दुरुस्तीने गेला आहे. जुने मसुदे अजून 'भारतीय घटस्फोट कायदा' असे लिहितात. एवढ्यावरून अर्ज फेटाळला जात नाही, पण मसुदा किती जुना आहे ते मात्र लगेच कळते आणि मग आतली कलमेही तपासून घ्यावी लागतात.

विवाह नोंदणी अधिकाऱ्यासमोर १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने लग्न केले असेल, तर तुम्ही दोघे ख्रिस्ती असलात तरी घटस्फोट त्याच विशेष विवाह कायद्याखाली मागायचा.

आंतरधर्मीय लग्नाबद्दल खूप गोंधळ असतो. घटस्फोट कायद्यासाठी दोघेही ख्रिस्ती असायला हवेत असे नाही. अर्जदार किंवा सामनेवाला यांपैकी एक जण ख्रिस्ती धर्म पाळत असला तरी पुरते. मुलगी ख्रिस्ती, मुलगा हिंदू आणि लग्न चर्चमध्ये लागलेले, अशा जोडप्याला हाच कायदा लागतो.

घटस्फोटासाठी आणखी एक अट आहे. अर्ज दाखल करताना दोघांचे अधिवास भारतात हवे. नवरा नोकरीसाठी दुबईत किंवा कुवेतला असला म्हणून त्याचे भारतातले अधिवास आपोआप जात नाही. कायमचे परत यायचे घर इथेच आहे, हे अर्जात एका परिच्छेदात स्पष्ट लिहा.

⚠ गोव्यात लग्नाची नोंद झालेली असेल तर थांबा. तिथला कौटुंबिक कायदा पोर्तुगीज काळापासून वेगळा चालत आला आहे. पुढचे टप्पे महाराष्ट्रासाठी लिहिले आहेत, ते गोव्यातल्या लग्नाला लावू नका. तिथल्या वकिलालाच विचारा.

टप्पा २ : चर्चचा निकाल आणि कोर्टाचा हुकूमनामा यांची गल्लत करू नका

या एका गल्लतीने सर्वांत जास्त नुकसान होते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कॅथलिक धर्मप्रांताचे ट्रायब्युनल, म्हणजे चर्चचे न्यायमंडळ, लग्न मुळातच अवैध होते, असा निकाल देऊ शकते. चर्चच्या दृष्टीने त्या निकालाला पूर्ण अर्थ आहे. त्यानंतर चर्चमध्ये पुन्हा लग्न लागू शकते. भारतीय कायद्याच्या दृष्टीने मात्र तुमचे लग्न तसेच कायम राहते. १९९६ साली मॉली जोसेफ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले. चर्चच्या निकालाला कोर्टाच्या हुकूमनाम्याइतकेच मानावे अशी मागणी पुढे एका जनहित याचिकेत झाली होती, तीही जानेवारी २०१७ मध्ये फेटाळली गेली.

आता हे प्रत्यक्ष घरात कसे घडते ते पाहा. ट्रायब्युनलचा निकाल येतो, घरचे म्हणतात 'झालं, मोकळी झाली पोरगी', दुसरे लग्न लागते. दोन-तीन वर्षांनी काही वाद होतो किंवा दुसरा नवरा वारतो, आणि मग कळते की कायद्याने हे दुसरे लग्न झालेच नव्हते. पेन्शन अडते, घरातला वाटा अडतो, शिवाय द्विभार्या-द्विपतीच्या गुन्ह्याची तक्रार होण्याची भीती वेगळीच.

क्रम असा ठेवा: आधी कोर्टाचा घटस्फोट, मग ट्रायब्युनल. बहुतेक ठिकाणी ट्रायब्युनलही कोर्टाच्या कागदांची प्रत मागते. दोन्ही प्रक्रिया एकाच वेळी सुरू असल्या तरी हरकत नाही, पण कोर्टाच्या हुकूमनाम्याची अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसऱ्या लग्नाची तारीख धरू नका.

✔ तपासा: हातातल्या कागदावर कौटुंबिक किंवा जिल्हा न्यायालयाचा शिक्का आहे का? बिशप हाउसचा शिक्का असेल तर तो चर्चपुरता कागद आहे.

टप्पा ३ : कागद गोळा करा, भांडण पेटण्याआधी

घर सोडायची वेळ आली की कागद मागे राहतात. पुढच्या यादीतले जेवढे जमेल तेवढे आधीच बाहेर काढून माहेरी किंवा विश्वासातल्या माणसाकडे ठेवा.

चर्चच्या विवाह नोंदवहीतील उतारा, सहीशिक्क्यासह. लग्नात मिळालेले नक्षीदार प्रमाणपत्र कोर्टाला पुरेलच असे नाही. पॅरिश ऑफिसमध्ये किंवा मंडळीच्या कार्यालयात अर्ज दिला की हा उतारा मिळतो. उताऱ्यावर नावे, तारीख, साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याचे नाव नीट उतरले आहे का ते तिथेच वाचून घ्या. आधार कार्डावर एक स्पेलिंग आणि चर्चच्या वहीत दुसरे, असे नेहमी घडते. तसे असेल तर 'अमुक नावाची आणि तमुक नावाची व्यक्ती मीच आहे' असे प्रतिज्ञापत्र सुरुवातीलाच जोडा.

तुमचा बाप्तिस्म्याचा दाखला. ख्रिस्ती असल्याचा साधा आणि भक्कम पुरावा तोच.

मुलांचे जन्मदाखले आणि शाळेची फी भरल्याच्या पावत्या.

नवऱ्याच्या कमाईचा जो मिळेल तो कागद: पगारपत्रक, फॉर्म १६, बँकेचे पासबुक, जमिनीचा सातबारा, गाडीचे कागद, रिक्षा किंवा होडी असेल तर तिचा परवाना. पोटगीच्या वेळी याच कागदांवर वाद होतो.

दवाखान्याचे कागद, पोलिसात दिलेल्या तक्रारींच्या प्रती, फोनवरचे संदेश. मोबाइलमधले संदेश नुसते छापून दिले तर ते पुरावा म्हणून टिकत नाहीत. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र सोबत लागते. संदेश ज्या फोनवर आले तो फोन विकू नका आणि रीसेटही करू नका.

दागिन्यांची यादी. लग्नात माहेरून काय आले, सासरकडून काय घातले, आता ते कोणाच्या कपाटात आहे. लग्नाचे फोटो जवळ ठेवा, कारण गळ्यातला हार फोटोत दिसतो.

टप्पा ४ : कोर्ट नेमके कोणते

हिंदू विवाह कायद्यात आणि विशेष विवाह कायद्यात २००३ पासून बायकोला ती सध्या जिथे राहते तिथल्या कोर्टात अर्ज करता येतो. ख्रिस्ती घटस्फोट कायद्यात ही सोय आलेली नाही. इथे तीनच ठिकाणे चालतात:

- लग्न जिथे लागले ते ठिकाण
- नवरा-बायको जिथे राहतात ते ठिकाण
- दोघे शेवटचे एकत्र जिथे राहिले ते ठिकाण

'मी आता माहेरी अमुक गावी राहते, म्हणून या कोर्टाला अधिकार आहे' हे वाक्य हिंदू मसुद्यातून जसेच्या तसे उतरवले जाते. नवऱ्याचा वकील पहिल्याच तारखेला त्यावर बोट ठेवतो आणि वर्षभर कोर्टाच्या अधिकारावरच वाद चालतो. माझ्या मते हा फरक सरळसरळ अन्यायाचा आहे. एकाच इमारतीतल्या दोन बायकांना केवळ धर्मामुळे वेगवेगळ्या कोर्टांत जावे लागते. कायदा बदलेपर्यंत अर्ज मात्र आहे त्या चौकटीतच बसवावा लागेल.

मार्ग आहेत. ख्रिस्ती लग्न बरेचदा मुलीच्या पॅरिशमध्ये लागते. तुमचे लग्न माहेरच्या चर्चमध्ये लागले असेल, तर 'लग्न जिथे लागले' या मुद्द्यावर माहेरच्या जिल्ह्यातच अर्ज करता येतो. ही सोय २००१ च्या दुरुस्तीने आली आणि ती अनेकींना माहीत नसते.

लग्न लांब लागले असेल तर घटस्फोटाचा अर्ज तिकडे जाईल, पण पोटगीचा अर्ज (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १४४) आणि कौटुंबिक हिंसाचार कायदा, २००५ खालचा अर्ज तुम्ही सध्या राहता तिथे करता येतो, मग तिथले राहणे तात्पुरते का असेना. नवऱ्याने दूर खटला घातला असेल तर तो बदलून घेण्यासाठी राज्यातल्या राज्यात उच्च न्यायालयात आणि राज्याबाहेरचा असेल तर सर्वोच्च न्यायालयात अर्ज करता येतो. लहान मूल, उत्पन्न नसणे, प्रवासात सोबत नसणे, ही कारणे त्यात तपशिलाने लिहायची.

जिथे कौटुंबिक न्यायालय आहे, उदाहरणार्थ मुंबईत वांद्रे किंवा पुण्यात, तिथे अर्ज त्याच न्यायालयात जातो. जिथे नाही तिथे तो जिल्हा न्यायाधीशांकडे जातो. हिंदू विवाहाचे अर्ज तालुक्याच्या ठिकाणी वरिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशांकडे चालतात म्हणून ख्रिस्ती अर्जही तिथेच टाकला जातो आणि मग परत घ्यावा लागतो.

✔ तपासा: अर्जातल्या अधिकारक्षेत्राच्या परिच्छेदात वरच्या तीनपैकी एक ठिकाण पत्त्यासह लिहिले आहे का?

टप्पा ५ : कारण निवडा, आणि तेवढेच लिहा

जुन्या कायद्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढे एक कारण पुरत असे. बायकोला मात्र व्यभिचारासोबत क्रूरता, किंवा व्यभिचारासोबत दोन वर्षांचा परित्याग, असे जोडून सिद्ध करावे लागे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९९७ साली प्रगती वर्गीस खटल्यात हा भेद घटनाबाह्य ठरवला, आणि २००१ च्या दुरुस्तीने घटस्फोट कायद्याचे कलम १०, म्हणजे घटस्फोटाच्या कारणांचे कलम, नवे झाले (पुढे नुसते कलम लिहिले आहे तिथे ते याच कायद्याचे). आता नुसती क्रूरता पुरते, नुसता परित्याग पुरतो, नुसता व्यभिचार पुरतो.

तरीसुद्धा अजून अर्जांत क्रूरतेला 'बळकटी' म्हणून व्यभिचाराचा आरोप जोडलेला दिसतो. तो का जोडू नये, ते सांगतो. कलम ११ प्रमाणे व्यभिचाराचा आरोप केला की त्या तिसऱ्या व्यक्तीला सह-सामनेवाला करावे लागते. पूर्वी हा नियम नवऱ्याच्या अर्जापुरता होता, आता दोघांना सारखा आहे. त्या बाईचे नाव, पत्ता, तिला समन्स, तिचा वकील, तिचे लेखी म्हणणे, असे एक वेगळेच प्रकरण सुरू होते. नाव माहीत नसेल, शोधूनही मिळाले नसेल किंवा ती व्यक्ती मेली असेल, तर कोर्टाची परवानगी घेऊन यातून सूट मिळते, पण ती मागावी लागते. क्रूरतेचे पुरावे भक्कम असतील तर रागाच्या भरात हा आरोप अर्जात घालू नका. तुमच्यावर हा आरोप झाला असेल, तर नवऱ्याने सह-सामनेवाला जोडला आहे का ते आधी पाहा. नसेल तर पहिल्याच उत्तरात हरकत घ्या.

क्रूरता. या कायद्यातले शब्द हिंदू विवाह कायद्यापेक्षा वेगळे आहेत. नुसते 'क्रूरतेने वागवले' असे लिहून भागत नाही. सामनेवाल्यासोबत राहणे अपायकारक किंवा इजा करणारे ठरेल अशी रास्त भीती अर्जदाराच्या मनात निर्माण झाली, हे लिहावे लागते. म्हणून प्रत्येक प्रसंगानंतर त्याने काय भीती बसली ते एक-दोन वाक्यांत लिहा. 'दिनांक अमुक रोजी रात्री त्याने दार बाहेरून बंद केले, मी आणि मूल सकाळपर्यंत आत होतो. त्यानंतर तो दारू पिऊन आला की मी मुलाला घेऊन शेजारी झोपायला जात असे.' यातली शेजारणीकडे झोपायला जाण्याची गोष्ट भीतीचा पुरावा आहे, आणि शेजारीण साक्षीदार. मारहाण नसली तरी सततचा अपमान, पैसा अडवणे, आजारपणात सोडून देणे यांना कोर्टे मानसिक क्रूरता मानतात. 'नेहमी त्रास देत असे' या वाक्यातून मात्र काहीच सिद्ध होत नाही.

परित्याग. अर्ज दाखल करण्याच्या लगेच आधीची सलग दोन वर्षे लागतात. इथे बायका स्वतःच घाबरतात: 'घर तर मी सोडलं, मग परित्याग माझाच ना?' तसे नाही. कोर्ट उंबरठा कोणी ओलांडला एवढ्यावर थांबत नाही, तो कोणाच्या वागण्यामुळे ओलांडावा लागला ते पाहते. नवऱ्याने राहणे अशक्य केले म्हणून बायको बाहेर पडली असेल, तर कायद्याच्या नजरेत सोडून गेला तो नवरा. त्यामुळे घर सोडताना माहेरी, पोलिसात, फादरांकडे किंवा पाळकांकडे कोणाला काय सांगितले, ती नोंद शोधा. दोन वर्षांत मधे पंधरा दिवस नांदायला गेला असाल तर तेही लिहा. लपवलेली गोष्ट उलटतपासणीत बाहेर येते आणि मग खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास उडतो.

बाकीची कारणे थोडक्यात: धर्मांतर करून ख्रिस्ती न राहणे, दोन वर्षांपासूनची असाध्य मानसिक विकृती, दोन वर्षांपासूनचा संसर्गजन्य गुप्तरोग, सात वर्षे हयातीची काही बातमी नसणे, जाणूनबुजून शरीरसंबंधाला नकार देऊन लग्न अपूर्ण ठेवणे, आणि पुन्हा एकत्र नांदण्याच्या कोर्टाच्या हुकूमनाम्याचे दोन वर्षे पालन न करणे. कुष्ठरोगाचे कारण २०१९ मध्ये काढून टाकले आहे, जुन्या मसुद्यात असेल तर खोडा. नवऱ्याने लग्नानंतर बलात्कार, अनैसर्गिक संभोग किंवा पशुसंभोग केला असेल, तर ते जादा कारण फक्त पत्नीला आहे.

⚠ 'लग्न कायमचे मोडले आहे' हे या कायद्यात कारण नाही. त्या मुद्द्यावर घटस्फोट फक्त सर्वोच्च न्यायालय आपल्या खास अधिकारात देते. कौटुंबिक न्यायालयाकडे तो मागून उपयोग नाही.

टप्पा ६ : अर्ज लिहिताना

घटना तारखेच्या क्रमाने लिहा, एका परिच्छेदात एकच घटना. नेमकी तारीख आठवत नसेल तर 'नाताळच्या आधीच्या आठवड्यात', 'धाकट्याच्या बाप्तिस्म्यानंतर महिन्याभरात' असे लिहिलेले चालते. अंदाजाने तारीख ठोकून देऊ नका.

कलम ४७ प्रमाणे अर्जात एक विधान लागतेच: अर्जदार आणि सामनेवाला यांच्यात संगनमत किंवा मूकसंमती (एकाच्या चुकीला दुसऱ्याने गुपचूप दिलेली संमती) नाही. हे वाक्य राहिले तर अर्जात त्रुटी निघते. शेवटी मजकूर खरा असल्याचे सत्यापन आणि सही.

कलम १४ कडेही बघा. झालेली चूक तुम्ही माफ करून पुन्हा एकत्र राहिला असाल, किंवा अर्जाला कारण नसताना फार उशीर केला असेल, तर कोर्ट ते विचारते. उशिराचे कारण आधीच लिहा: मूल लहान होते, वडील आजारी होते, फादरांनी समेटाचा प्रयत्न चालवला होता. खरे कारण सांगायला लाजू नका.

महाराष्ट्रात स्त्रियांना घटस्फोट, पोटगी आणि हिंसाचाराच्या प्रकरणांत कोर्ट फी माफ आहे, १ ऑक्टोबर १९९४ च्या शासकीय अधिसूचनेने. फी मागितली तर या अधिसूचनेचा हवाला द्या. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. स्त्रीला मोफत वकील मिळण्यासाठी उत्पन्नाची मर्यादा नाही. नोकरी करणाऱ्या बाईलाही तो हक्क आहे, हे नीट लक्षात ठेवा.

टप्पा ७ : पोटगी आणि मुलांचा अर्ज त्याच दिवशी

'आधी घटस्फोट होऊ दे, पोटगीचं नंतर बघू' असे म्हणून दोन-तीन वर्षे रिकाम्या हाताने काढलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. असे करू नका.

कलम ३६ खाली खटला चालू असेपर्यंतची पोटगी आणि खटल्याचा खर्च मागता येतो, खटला तुम्ही घातलेला असो वा नवऱ्याने. पूर्वी ही पोटगी नवऱ्याच्या निव्वळ उत्पन्नाच्या एक-पंचमांशाच्या वर जात नसे. २००१ मध्ये ती मर्यादा उठली. जुन्या मसुद्यात 'एक-पंचमांश' मागितलेले असेल तर तुम्ही स्वतःहून कमी मागत आहात. नवऱ्याला नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत हा अर्ज निकाली काढावा, असे कायदाच सांगतो. तारखा लांबत असतील तर वकिलाला ही तरतूद कोर्टापुढे ठेवायला सांगा.

अर्जासोबत उत्पन्न, मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र लागते. रजनेश विरुद्ध नेहा (२०२०) या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ते दोन्ही बाजूंना बंधनकारक केले आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यावी असे सांगितले. म्हणजे अर्ज जितका उशिरा, तितके महिने बुडाले. दुसऱ्या कोर्टात आधीच पोटगी मिळत असेल तर ती या प्रतिज्ञापत्रात सांगा.

कायमची पोटगी कलम ३७ खाली मिळते, एकरकमी किंवा ठरावीक हप्त्याने. मूळ अर्जाच्या मागण्यांतच ती लिहून ठेवा. ही पोटगी फक्त पत्नीला मिळते. हिंदू विवाह कायद्यासारखी नवऱ्याला मागायची सोय इथे नाही. आजारी किंवा अपंग नवऱ्याच्या बाबतीत हा कायदा अपुरा पडतो, हेही मान्य करायला हवे.

मुलांचा ताबा, शिक्षणखर्च आणि भेटीच्या वेळा यांसाठी वेगळा अंतरिम अर्ज करा. त्यात शाळा, डॉक्टर, आजी-आजोबा, रविवारची प्रार्थना असा मुलाचा रोजचा दिनक्रम लिहा. नवऱ्यावरच्या आरोपांपेक्षा कोर्ट या कागदात मुलाचे हित शोधते.

टप्पा ८ : नवऱ्याने 'नांदायला ये' असा दावा आधीच घातला असेल तर

कलम ३२ खालचे हे समन्स आले की अनेक घरी ते कपाटात ठेवून देतात: 'जायचंच नाहीये, तर उत्तर कशाला?' मग एकतर्फी हुकूमनामा होतो, दोन वर्षे जातात, आणि तो हुकूमनामा न पाळणे हेच नवऱ्याच्या घटस्फोटाचे कारण बनते. तुम्ही त्याच्या अर्जात दोषी बाजू ठरता.

समन्स घ्या, तारखेला हजर राहा, लेखी उत्तर द्या. उत्तरात काय लिहायचे तेही ठरलेले आहे. न्यायिक फारकतीला (लग्न न मोडता कोर्टाच्या हुकूमनाम्याने वेगळे राहणे) किंवा लग्न रद्द होण्याला जे कारण चालते तेच या दाव्यात बचाव म्हणून चालते, म्हणजे मुख्यतः क्रूरता, व्यभिचार किंवा दोन वर्षांचा परित्याग. 'माझं मन नाही' किंवा 'सासू बोलते' एवढ्यावर बचाव उभा राहत नाही. सासूच्या बोलण्याला नवऱ्याची साथ होती, त्यातून काय घडले, असे क्रूरतेच्या भाषेत आणि तारखांसह मांडा.

असा हुकूमनामा आधीच झाला असला तरी पोटगी सोडू नका. परत न जाण्याला पुरेसे कारण असेल तर केवळ त्या हुकूमनाम्यामुळे पोटगीचा हक्क जात नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये सांगितले आहे.

टप्पा ९ : दोघांची संमती असेल तर कलम १०-अ

हे कलम २००१ मध्येच आले. अर्ज दोघांनी मिळून करायचा असतो. त्यात तीन गोष्टी लागतात: दोन वर्षे किंवा जास्त वेगळे राहिलो, एकत्र राहणे जमले नाही, आणि लग्न संपवायचे असे दोघांचे ठरले. अर्जानंतर सहा महिन्यांनी आणि अठरा महिन्यांच्या आत दोघांनी पुन्हा कोर्टापुढे येऊन तेच सांगायचे.

हिंदू आणि विशेष विवाह कायद्यात वेगळे राहण्याचा काळ एक वर्ष आहे. केरळ उच्च न्यायालयाने २०१० मध्ये ख्रिस्ती जोडप्यांसाठीही तो एक वर्ष धरावा असे ठरवले, पुढे कर्नाटक उच्च न्यायालयानेही. कायद्याच्या पुस्तकात मात्र 'दोन वर्षे' तसेच आहे. महाराष्ट्रात अर्ज करताना दोन वर्षे पुरी करूनच जाणे सुरक्षित. घाई असेल तर हे निकाल जोडून प्रयत्न करता येईल, पण अर्ज अडकू शकतो ही तयारी ठेवा.

⚠ हुकूमनामा होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकतो. म्हणून दागिने परत करणे, रकमेचे टप्पे, घराचा ताबा हे सगळे संमतीपत्रात तारखेनिशी लिहा. शेवटची रक्कम दुसऱ्या तारखेला, कोर्टातच, डिमांड ड्राफ्टने घ्या. तोंडी 'नंतर देतो' वर सही करू नका, आणि पोटगी कायमची सोडल्याचे वाक्य न वाचता तर मुळीच नाही.

टप्पा १० : समुपदेशन आणि साक्ष

कौटुंबिक न्यायालय आधी विवाह समुपदेशकाकडे पाठवते. तिथे जाणे टाळू नका. जाऊन शांतपणे सांगा की समेट शक्य आहे की नाही. मारहाण झालेली असेल तर एकत्र बसायला भीती वाटते असे सांगून वेगळी भेट मागा. चर्चमधल्या समेटाच्या बैठकीत दबावाखाली काही लिहून दिले असेल, तर तो कागद वकिलाला आधीच दाखवा. समोरचा तो नक्की काढणार.

साक्षीच्या वेळी तुमचे शपथपत्र मूळ अर्जाशी जुळले पाहिजे. उलटतपासणीच्या आदल्या दिवशी अर्ज पुन्हा वाचा. खासगी गोष्टी बोलायच्या असतील तर बंद दाराआड सुनावणी मागता येते. ही सोय कायद्यातच आहे, मागायला संकोच करू नका.

टप्पा ११ : हुकूमनामा मिळाल्यानंतर

पूर्वी जिल्हा न्यायालयाचा घटस्फोट उच्च न्यायालयाने कायम करावा लागे आणि त्यात वर्षे जात. ती पायरी आता नाही. पण निकाल ऐकला म्हणजे काम संपले असे नाही.

त्याच आठवड्यात निकाल आणि हुकूमनामा दोन्हींच्या प्रमाणित प्रती मागा, किमान तीन संच. नावे, लग्नाची तारीख, कलम, पोटगीची रक्कम वाचून बघा. टंकनदोष असेल तर लगेच दुरुस्तीचा अर्ज द्या.

कौटुंबिक न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयात अपील करायला ३० दिवस असतात, आणि प्रत मिळायला लागलेले दिवस त्यातून वगळले जातात. कलम ५७ प्रमाणे ही मुदत अपील न होता संपली, किंवा अपील फेटाळले जाऊन तो निकाल अंतिम झाला, की मगच दोघांनाही पुन्हा लग्न करता येते. समोरच्याने मुदतीत अपील केले असेल आणि तुम्हाला नोटीस अजून आली नसेल, असेही होऊ शकते. म्हणून लग्नाची तारीख धरण्याआधी उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर दोघांच्या नावाने शोध घ्या.

मग चर्च. हुकूमनाम्याची प्रत घेऊन धर्मप्रांताच्या ट्रायब्युनलकडे जा. तिथे तपासतात ती गोष्ट वेगळी असते: लग्नाच्या दिवशी संमती खरी आणि मोकळी होती का. कोर्टातल्या क्रूरतेच्या तारखा तिथे पुरत नाहीत, साखरपुड्यापासून लग्नापर्यंतच्या काळाबद्दल बोलणारे साक्षीदार लागतात. २०१५ पासून एकाच ट्रायब्युनलचा निकाल पुरेसा असतो, दुसऱ्याकडून तो कायम करून घेण्याची सक्ती उरलेली नाही. प्रोटेस्टंट मंडळीत असाल तर पुनर्विवाहाबद्दल तुमच्या मंडळीचा नियम पाळकांना लेखी विचारा, आणि उत्तरही लेखीच घ्या.

शेवटी पॅरिशच्या विवाह नोंदवहीत, बँकेत, भविष्य निर्वाह निधीच्या वारसनोंदीत आणि विम्याच्या कागदांत बदल करून घ्या. वारसनोंद आपोआप बदलत नाही.